मीटरमागे बेचाळीसशे

माझ्या नातीचं नामकरण परंड्याला झालं. जेवणं आटोपल्यावर इतर ठिकाणी पाहुण्यांपुढं बडीशेप ठेवतात. माझे व्याही आबाराव यांनी मला गटार दाखवलं.

"चला पाहुणे, जरा पाय मोकळे करू," असं म्हणून त्यांनी मला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी नेलं. आबाराव एसटीत कंट्रोलर होते. त्यामुळे साधी गोष्टसुद्धा ते चार फलाटांवर ऐकू जाईल अशी सांगतात. "हे बघा. सिमेंटचा रस्ता. कडेनं बंदिस्त गटार. वर ढापे. पाण्याचा एक थेंब दिसतो का? वास येतो का? घ्या, श्वास घ्या."

मी मुलीकडचा माणूस. मी श्वास घेतला. वास खरंच नव्हता, आणि याचं मला वाईट वाटलं हे आता कबूल करायला हरकत नाही.

कामाचा बोर्ड अजून तिथंच होता. लांबी १२० मीटर, रक्कम सहा लाख बाहत्तर हजार. "तुमच्याकडं काय भावानं पडतंय?" आबारावांनी तुरीचा भाव विचारावा तसं विचारलं.

आता मी बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलेला माणूस. बोर्ड वाचून होण्याआधी माझा भागाकार झालेला असतो. परंडा, मीटरमागे छप्पन्नशे. आमच्याही गल्लीत हेच काम मंजूर होऊन नुकताच बोर्ड लागला होता: लांबी ९० मीटर, रक्कम आठ लाख ब्याऐंशी हजार. म्हणजे मीटरमागे अठ्ठ्याण्णवशे. मी आबारावांना म्हणालो, "आमच्याकडंही साधारण तेवढंच." भागाकाराबाबत मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, तेही नातीच्या नामकरणाच्या दिवशी.

परतीच्या एसटीत माझी बायको नंदा खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी तिकिटामागं पुन्हा पुन्हा भागाकार केला. दोन गावं एकाच जिल्ह्यातली. वाळू तीच, सिमेंट तेच, मजूर तसेच. मग आमच्या मीटरमध्ये बेचाळीसशे रुपयांचं जास्तीचं काय भरलंय? शेवटी माझ्या मनात एक आशा उगवली. परंड्याचा बोर्डच चुकीचा असणार. गल्ली ऐंशी-नव्वद मीटरच असेल आणि कुणीतरी बोर्डावर एकशेवीस ठोकून दिलं असेल. मला बाकी काही नको होतं. आबारावांचं गटार आखूड निघायला हवं होतं.

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. उमरगा तालुक्यात आहे, मुरुमहून एसटीनं वीस मिनिटं लागतात, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथली माणसं मला ओळखतील, आणि ओळखून झाल्यावर गेल्या मार्चमधलं सगळं पुन्हा काढतील.

संध्याकाळी आमच्या घरापुढं नेहमीची मंडळी बसली होती. सिद्रामप्पा किराणा दुकान मुलाच्या ताब्यात देऊन मोकळे झालेत आणि दिवसभर सल्ला देतात. बलभीमची शेती गावाबाहेर आणि तोंड गल्लीत. मी दोघांना आकडे सांगितले.

"बेचाळीसशे!" बलभीम उठूनच उभा राहिला. "सर, हे सरळ सरळ खाल्लेत. मीटरामीटराला खाल्लेत!"

"आसं एकदम बोलू नगं," सिद्रामप्पा म्हणाले. "आधी मोजून बगावं. सर, तुमी परंड्याला जावा आन् मोजून या. कागदावरचं काय खरं न्हाय."

बलभीमनं लगेच घरातून टेप आणून दिला. पन्नास मीटरचा, चामडी डबीतला, दिसायला भारदस्त. फक्त त्याचा पहिला मीटर नव्हता. बांधावरून भावाशी झालेल्या वादात भावानं तो विळ्यानं कापला होता. "तेवढं वजा करायचं सर, तुमाला काय अवघड हाय," बलभीम म्हणाला.

आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात सिताबाई राहतात. वय सत्तरच्या पुढं. त्यांच्या दारापुढून उघडं गटार जातं आणि त्यावर एक शहाबादी फरशी टाकलेली आहे. गेल्या भाद्रपदात ती फरशी हलली आणि सिताबाई गटारात पडल्या. खुबा मोडला. सोलापूरला ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर आलेल्या नाहीत. त्यांचा मुलगा कुलदीप सोलापूरला नोकरीला. तो म्हणतो, आई, घर विकू, तू माझ्याकडं ये. त्या म्हणतात, गटारावर झाकण पडू दे, मग बघू. परंड्याला निघताना मी त्यांच्या दारावरून गेलो तर त्यांनी आतून हाक मारली. "सर, काम कदी सुरू व्हतंय ओ?"

"आता होतंच आहे, सिताबाई. एक छोटी तपासणी राहिलीय," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

परंड्याला मी न कळवता गेलो. आबाराव बँकेत गेले होते. मोजायचं तर टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. घरात माझी मुलगी संघप्रिया बाळाला घेऊन, आणि सुट्टीवर असलेले जावई प्रसेनजित. जावयानं आनंदानं टोक धरलं. मुलगा गुणी आहे. पण आमच्या बाजूला जावयाला पाटावर बसवतात, हातात पाण्याचा तांब्या देतात, आणि मी त्याला भर दुपारी गटाराच्या ढाप्यावर ओणवा केला, हे संघप्रियानं तत्काळ आईला फोनवर कळवलं. मला नंदाचा फोन आला तेव्हा मी चाळिसाव्या मीटरवर होतो.

"जावयाला गटारावर उभं केलंत?"

"उभं नाही, ओणवं," मी म्हणालो. अचूक बोलण्याच्या सवयीनं माझं आयुष्यात बरंच नुकसान झालं आहे.

त्यातून तो टेप. दर वेळी एक मीटर कमी करायचा म्हणून मी प्रत्येक टप्प्याला मोठ्यानं म्हणत होतो, "एक वजा!" वही, टेप, डोक्यावर टोपी, चष्मा, आणि कुणाच्याही दारापुढं थांबून "एक वजा" म्हणणारा अनोळखी माणूस. दहा मिनिटांत गल्ली बाहेर आली. रस्ता रुंदीकरणाचे साहेब आलेत आणि घरं वजा करत चाललेत, अशी बातमी माझ्यापुढं धावत होती. एका घरातून चहा आला. दुसऱ्या घरातून चहा आणि खारे शेंगदाणे आले. एका गृहस्थानं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याची भिंत मुळातच रस्त्याच्या दोन फूट आत आहे, हवं तर शेजाऱ्याची बघा. शेजाऱ्यानं ते ऐकलं. पुढचा अर्धा तास त्या दोघांचे आजोबापणजोबा निघत होते आणि प्रसेनजित मधे टेप धरून ओणवा होता.

तेवढ्यात आबाराव आले. गल्लीनं त्यांना घेरलं. "आबाराव, तुमच्याच घरातनं साहेब निघाला!" आबारावांनी मला पाहिलं. मग टेप पाहिला. मग टेपच्या टोकाला स्वतःचा मुलगा पाहिला.

"पाहुणे," ते प्रथमच हळू आवाजात बोलले, "माझ्या बोर्डावर इस्वास न्हाय का तुमचा?"

मी वहीत बघितलं. गल्लीची लांबी बरोबर एकशेवीस मीटर भरली होती. एक वजा करून, दोनदा तपासून. आबाराव खरे होते, त्यांचा बोर्ड खरा होता, त्यांचं गटार पूर्ण लांबीचं होतं. चहा पिताना ते मला गल्लीतल्या लोकांनी एका रविवारी मिळून काय काय केलं, ओटे, घण, बायकांनी केलेली भजी, असलं काहीतरी सांगत होते. माझं लक्ष नव्हतं. मी वहीत "शेरा" या रकान्यात "ओटे नाहीत" एवढं लिहिलं आणि शेवटची एसटी गाठली.

आता परंडा खरं म्हटल्यावर दोष आमच्याकडं होता हे उघड होतं. मी तुलनात्मक तक्ता केला. उभे रकाने पाच, आडवे सात, लाल शाईनं फरक. सिद्रामप्पांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि "जबरदस्त" म्हणाले. बलभीमनं हरकतीच्या अर्जावर गल्लीतल्या एकोणीस सह्या एका तासात आणल्या. अर्ज मी लिहिला. विषय, संदर्भ, महोदय. "सदर कामाचा दर परंडा येथील समान कामापेक्षा मीटरमागे बेचाळीसशे रुपयांनी अधिक असून त्याचा खुलासा व्हावा." खाली माझी सही सर्वांत वर होती. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी बांधकाम खात्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. "आपल्या हरकतीचा निर्णय होईपर्यंत काम स्थगित ठेवण्यात येत आहे." पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आलेला मिक्सर परत गेला. खडी राहिली. ती रस्त्याच्या मधोमध राहिली, आणि तिच्यावरून घसरून पहिल्या आठवड्यात दोन मोटारसायकली आणि एक दूधवाला पडला.

तो दूधवाला उठून कपडे झटकत म्हणाला, "काम कुणी थांबवलं ओ?"

एकोणीस सह्या करणारी गल्ली एका सुरात म्हणाली, "सरांनी."

मी कार्यालयात खुलासा मागायला गेलो. तिथं सांगितलं, दराची माहिती हवी तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. ते गावात नव्हतं. तालुक्याला पाच रुपयांचं मिळालं, पण एकच. धाराशिवला गेलो, कोर्टाच्या आवारात तिकीट मिळालं, आणि लगे हात वरच्या कार्यालयात चौकशी केली तर तिथल्या सज्जन माणसानं माझा तक्ता काळजीपूर्वक वाचून विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या खात्यातून?" मी म्हटलं, निवृत्त शिक्षक. त्यांनी तक्ता तितक्याच काळजीनं घडी घालून परत दिला. प्रवासखर्च दोनशे ऐंशी, तिकीट दहा. याचा दर मी काढला नाही.

इकडं मार्च निम्मा झाला होता. एकतीस मार्चला निधी परत जातो हे गल्लीत सर्वांना ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते मला वेगळं सांगायला येत होता. सिद्रामप्पांनी सल्ला दिला, हरकत मागं घ्या. बलभीमनं सल्ला दिला, मुळीच घेऊ नका, उपोषणाला बसा. "तू बसतोस का?" मी विचारलं. "माझं रान काढायला आलंय सर," तो म्हणाला. माझ्या घरापुढं संध्याकाळी बसायला कुणी येईनासं झालं. लोक दारावरून जाताना मान वळवून खडीकडं बघत जायचे. बत्तीस वर्षांत या गावानं मला इतक्या लांबून नमस्कार केला नव्हता.

एका दुपारी सिताबाईंनी बोलावलं. त्या उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसल्या होत्या.

"सर, कुलदीप पाडव्याला येतोय. गाडी घेऊन. ह्या डावाला मला घिऊनच जाणार म्हणतोय. घराला गिऱ्हाईकबी आणलंय त्यानं."

"सिताबाई, आकड्यांत मोठी गडबड आहे. ती एकदा बाहेर आली की…"

"आसंल," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर तुमचं गणित सुटस्तवर म्या हितं ऱ्हाईन का, येवढंच सांगा."

मी फरशीवरून जपून बाहेर आलो. खाली गटारातून पाणी चाललं होतं. घरी येऊन मी जेवलो नाही, आणि नंदानं कारण विचारलं नाही, म्हणजे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाकडून संयुक्त मोजणीची नोटीस आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अभियंता म्हणून निकिता आली. ही माझीच विद्यार्थिनी. नववीत एका उदाहरणाला एकक लिहिलं नाही म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला होता, आणि त्या अर्ध्या गुणानं तिचा वर्गातला पहिला नंबर गेला होता. ती हे विसरली असेल अशी मला आशा होती.

"नमस्ते सर," ती म्हणाली. "टेप धरता का?"

तिचा टेप पूर्ण होता. आम्ही गल्लीच्या तोंडापासून निघालो. मागून बलभीम, सिद्रामप्पा आणि निम्मी गल्ली. नव्वद मीटर भरले तेव्हा आम्ही सिद्रामप्पांच्या दारात होतो. मी थांबलो. गल्ली थांबली नव्हती. ती पुढं तशीच चालली होती, सिताबाईंच्या घरापर्यंत.

"चला सर, अजून आहे," निकिता म्हणाली. सिताबाईंच्या भिंतीला टेप टेकला तेव्हा आकडा होता एकशेपंचावन्न.

मी परंड्याला दोन एसट्या बदलून गेलो होतो. तिथली गल्ली इंचाइंचानं मोजली होती. स्वतःच्या गल्लीत मी सत्तावीस वर्षं राहतो आणि ती मी मोजलीच नव्हती. बोर्डावर नव्वद लिहिलं होतं म्हणून मी नव्वद धरलं. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"मग बोर्डावर नव्वद कसं?" मी विचारलं.

"नव्वद ही गल्लीची लांबी न्हाय सर. पैसे जिथवर पुरतात तिथवरची लांबी आहे. पुढचं पुढच्या निधीतून."

"आणि पुढचा निधी?"

"दोन वर्षं, तीन वर्षं…" तिनं टेप गुंडाळायला घेतला. म्हणजे काम ठरल्याप्रमाणं झालं असतं, मी हरकत घेतली नसती, तरीही गटार सिताबाईंच्या दारापर्यंत गेलंच नसतं. हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. कारण बोर्ड सगळ्यांनी वाचला होता आणि गल्ली कुणीच मोजली नव्हती.

"पण परंड्याला याहून कमी पैशांत एकशेवीस…" मी वही उघडली.

निकितानं माझा तक्ता हातात घेतला. बोट रकान्यांवरून खाली नेत ती "शेरा" पाशी थांबली. "हे बघा सर, तुम्हीच लिहिलंय. ओटे नाहीत. तिथं गटार सरळ गेलंय. आपल्या गल्लीत नऊ ओटे रस्त्यात आलेत. गटार प्रत्येक ओट्याला वळसा घालून जातं. वळणाला चेंबर, नळांच्या जोडण्या हलवायच्या, वर पायऱ्या पुन्हा बांधून द्यायच्या. परंड्याचा मीटर सरळ मीटर आहे. आपला वळणाचा." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुलना करताना एकक सारखं पाहिजे, सर."

ती विसरली नव्हती.

"मग ओटे पाडायचं का नाही लिहिलं?"

"लिहिलं की मोर्चा येतो. म्हणून आता कुणी लिहीत न्हाय."

"सर्वांत जास्त वळण कुणाच्या ओट्याचं आहे?" मी विचारलं.

फळ्यावर सरांचं उत्तर चुकलंय हे कसं सांगावं, अशा चेहऱ्यानं ती उभी राहिली. तिनं काही सांगायची गरजच नव्हती. सगळी गल्ली माझ्या घराकडं बघत होती. माझा ओटा पाच फूट रुंद आणि चौदा फूट लांब आहे. त्याला तीन पायऱ्या, स्कूटर चढवायचा उतार आणि नळाचा चौथरा आहे. घर बांधताना तो मी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतला होता. तेव्हा रस्ता रिकामाच होता. माझा एकट्याचा ओटा गटाराला चार वळणं द्यायला लावत होता. मीटरमागं बेचाळीसशे कोण खातंय याचा मी महिनाभर शोध घेत होतो, आणि रोज संध्याकाळी मी त्याच्यावरच बसत होतो.

मला लाज वाटली. खरी, साधी लाज वाटली, विनोदाची नाही.

त्या संध्याकाळी मी स्वतः दारोदार जाऊन गल्लीला बोलावलं आणि सगळं सांगितलं, परंड्याच्या लोकांनी एका रविवारी घण घेऊन ओटे काढले तेसुद्धा. ओटे काढले तर हाच पैसा एकशेपंचावन्न मीटर जातो, म्हणजे सिताबाईंच्या दारापर्यंत, आणि चौदा हजार उरतात. निकितानं सांगितलं होतं, अठ्ठावीस तारखेपर्यंत जागा मोकळी दिसली तर फोटो लावून सुधारित मंजुरी घेता येईल.

सगळे आपापल्या ओट्यांकडं बघू लागले. मग सिद्रामप्पा म्हणाले, "माझा ओटा वडलांनी बांधलाय. भावनेचा प्रश्न हाय."

बलभीम म्हणाला, "माझा तर ओटाच न्हाय. ती पायरी हाय."

"बलभीम, तुझी पायरी चार फुटांची आहे. तिच्यावर तू खाट टाकतोस."

"खाट टाकली म्हून पायरीचा ओटा व्हतो का सर?"

एकानं ओटा बायकोच्या नावावर असल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, आपली तयारी आहे, पण आधी बाकीचे आठ पडू देत. हे प्रत्येकानंच म्हटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की नऊ लोकांनी आधी बाकीचे आठ म्हटल्यावर एकही पडत नाही. हे गणित मात्र मला लगेच सुटलं.

"माझा पहिला," मी म्हणालो. "उद्या सकाळी."

"उद्या न्हाय," आतून नंदाचा आवाज आला. "ओट्यावर कुरडया वाळायल्यात. परवा."

अशा रीतीनं शासनाचा आठ लाख ब्याऐंशी हजारांचा निधी माझ्या बायकोच्या कुरडया वाळेपर्यंत थांबला. मी त्या दोन दिवसांत इतक्यांदा त्या कुरडया हात लावून बघितल्या की तिनं मला घरात कोंडायची धमकी दिली.

सव्वीस तारखेला सकाळी मी घण घेतला. बांधून घेताना मी सिमेंटचं प्रमाण एकास चार ठेवायला लावलं होतं, गवंडी एकास सहा म्हणत असताना. त्या भांडणात मी जिंकलो होतो. चाळीस घाव घातले तेव्हा कोपऱ्यातून सुपारीएवढा तुकडा उडाला. तळहाताला फोड आले. गल्ली आपापल्या ओट्यांवर बसून बघत होती.

"आसं न्हाय सर, सांध्यात मारा," सिद्रामप्पांनी बसल्या जागेवरून सांगितलं. मी सांध्यात मारलं. "आता तिरकं." मी तिरकं मारलं. त्यांचा जीव राहिना. ते उठले, धोतर खोचलं आणि घण माझ्या हातातून काढून घेतला. दुसऱ्याच घावाला तो त्यांच्या अंगठ्याजवळ बसला. सिद्रामप्पा रागावले की कानडीत बोलतात. ते काय बोलले ते मी लिहीत नाही, पण त्यानंतर त्यांनी जी मारायला सुरुवात केली, ते थांबलेच नाहीत. अर्ध्या तासात बलभीम पहार घेऊन आला. दुपारी माझा ओटा गेला.

सिद्रामप्पा घामानं निथळत उभे राहिले. त्यांनी गल्लीच्या शेवटाकडं पाहिलं. सिताबाई उंबऱ्याच्या आत दाराला धरून उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या असाव्यात.

"चला," सिद्रामप्पा म्हणाले, "आता माझा घ्या. वडलांना म्या सांगतो काय सांगायचं ते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठ ओटे पडले. नववा बलभीमचा. त्याची पायरी त्यानं स्वतःच फोडली, पण ती पायरीच होती हे शेवटच्या घावापर्यंत म्हणत राहिला. निकितानं फोटो काढले. मी हरकत मागं घेतल्याचा अर्ज लिहिला, या वेळी सहीसाठी कुणाकडं गेलो नाही.

कुलदीप पाडव्याला गाडी घेऊन आला तेव्हा गल्लीत मिक्सर चालू होता आणि गाडी आत येईना. ती त्याला चौकात लावावी लागली. सिताबाईंनी त्याला सांगितलं, गटार पुरं होईस्तोवर थांब. तो घराचं गिऱ्हाईक घेऊन परत गेला.

एप्रिलच्या मध्यात काम झालं. शेवटचा ढापा सिताबाईंच्या दारापुढं बसला. आता आमच्या घराचा उंबरा रस्त्यापासून अडीच फूट उंच आहे आणि मधे काही नाही. मी घरातून बाहेर पडताना स्टूलवर पाय ठेवून उतरतो. कार्यालयाकडं उरलेल्या चौदा हजारांत पायऱ्या होतील का असा अर्ज मी लिहिला होता. नंदानं तो अर्ज वाचला आणि फाडला.

पंधरा दिवसांनी, ऊन कलल्यावर, मी स्टूलवर उभा राहून दाराची कडी ठीक करत होतो. खालून आवाज आला, "सर."

सिताबाई होत्या. हातात काठी, कपाळावर घाम. भाद्रपदानंतर त्या पहिल्यांदा गल्लीच्या या टोकाला आल्या होत्या. मी घाईनं उतरायला गेलो आणि स्टूलसकट त्यांच्यापुढं येऊन बसलो. त्यांनी ते पाहिलंच नाही असं दाखवलं.

"म्या मोजत आले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तीनशे एकतीस पावलं. मधी कुटं टेकले न्हाय. कुलदीपला फोन लावून द्या, सांगते त्येला."

मी फोन लावून दिला. त्यांनी मुलाला आकडा दोनदा सांगितला. नंतर त्या निघाल्या तेव्हा मी सोबत निघालो. "जाताना पुन्हा मोजू," मी म्हणालो, "ताळा घेऊ."

आम्ही हळूहळू गेलो. त्या मोजत होत्या, मी मनात मोजत होतो. त्यांच्या दाराशी आलो तेव्हा माझे तीनशे अठ्ठावीस झाले होते.

"तीनशे एकतीस," सिताबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. "बराबर हाय का, सर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.